मधले पद असेच का फोडायचे?

माननीय संपादक महोदय यांस,
सप्रेम नमस्कार.

देवगड तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत ३२ वर्षे गणित शिकवून मी निवृत्त झाले, त्याला आता काही वर्षे लोटली. शिकवणी मी घेत नाही. परंतु पावसाळ्यात बागेतली कामे जरा हलकी झाली की वाडीतली मुले वह्या घेऊन आमच्या पडवीत येऊन बसतात आणि अडलेले विचारतात. गेल्या पंधरवड्यात दहावीतली एक मुलगी अशीच घटक चाचणीची उत्तरपत्रिका घेऊन आली. त्या उत्तरपत्रिकेतल्या एका उदाहरणावरून जे मनात आले, ते आपल्या दैनिकातून पालकांपुढे आणि शिक्षकांपुढे मांडावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे. पाठ्यपुस्तकात चलासाठी इंग्रजी अक्षर असते. मी येथे आमच्या लहानपणीचे ‘क्ष’ वापरते.

उदाहरण होते: ६क्ष² + ११क्ष − ३५ = ० हे वर्गसमीकरण अवयव पद्धतीने सोडवा. मुलीने पहिल्या आणि शेवटच्या सहगुणकांचा, म्हणजे ६ आणि −३५ यांचा, गुणाकार −२१० असा वर लिहिला होता, त्याला खाली दोन फाटे काढून २१ आणि −१० या संख्या अचूक शोधल्या होत्या, आणि लगेच (क्ष + २१)(क्ष − १०) = ० असे लिहून क्ष = −२१ किंवा क्ष = १० ही उत्तरे चौकटीत मांडली होती. त्यावर लाल शाईची एक तिरकी रेघ होती आणि समासात शून्य. ती म्हणाली, “बाई, चुकला ह्या कळला, पण खय चुकला ता कळणा नाय.” तिचे हे वाक्य त्या दिवसापासून माझ्या मनातून गेलेले नाही, कारण ही तक्रार तिच्या एकटीची नाही. ‘ज्यांचा गुणाकार अमुक आणि बेरीज तमुक येईल अशा दोन संख्या शोधा’ हे वाक्य तिला आठवीपासून पाठ आहे. त्या दोन संख्याच का शोधायच्या आणि सापडल्यावर त्यांचे काय करायचे, हे तिला कोणी सांगितलेले नव्हते, ना वर्गात, ना शिकवणीत, ना तिच्याजवळच्या मार्गदर्शिकेत.

मला वाटते, घोटाळ्याची सुरुवात शब्दापासूनच होते. ‘अवयव पाडणे’ हा आपला रूढ शब्दप्रयोग आहे आणि तो बदलावा असे मी म्हणत नाही; परंतु ‘पाडणे’ म्हटले की मराठी मुलाच्या डोळ्यांपुढे तुकडे पाडणे येते, आणि नारळाचे किंवा भाकरीचे तुकडे पुन्हा एकत्र केले, म्हणजे त्यांची बेरीज केली, की मूळची वस्तू मिळते. अवयवांचे तसे नसते. तेथे बेरीज करून नव्हे, तर गुणाकार करून मूळ राशी परत मिळते. शिवाय याच कृतीच्या मधल्या पायरीवर आपण मधल्या पदाची ‘फोड’ करतो, ११क्ष चे २१क्ष आणि −१०क्ष करतो, आणि ही फोड मात्र बेरजेचीच असते. म्हणजे एकाच उदाहरणात आधी बेरजेची फोड आणि मग गुणाकाराचे अवयव अशा दोन वेगळ्या गोष्टी येतात, आणि मुलाला त्या एकच वाटतात. आमच्या या मुलीने फोड केली आणि तिलाच अवयव समजून ती थांबली.

हा फरक शब्दांनी समजावण्यापेक्षा बाग दाखवून समजावणे मला नेहमीच सोपे गेले. मुलीच्या वडिलांची हापूसची कलमे आहेत. समजा, एका चौरस बागेत क्ष रांगा आहेत आणि प्रत्येक रांगेत क्ष कलमे आहेत. वडिलांनी बाग वाढवायची ठरवून पूर्वेकडे ३ नव्या रांगा लावल्या आणि दक्षिणेकडे ४. बाग पुन्हा चौकोनी दिसायला हवी, तर आग्नेयेच्या कोपऱ्यात जी मोकळी जागा राहते, तेथे ३ गुणिले ४, म्हणजे १२ खड्डे मारावे लागतात. एकूण कलमे क्ष² + ७क्ष + १२ झाली, आणि बागेच्या दोन बाजू झाल्या (क्ष + ३) आणि (क्ष + ४). राशी म्हणजे कलमांची एकूण संख्या आणि अवयव म्हणजे बागेच्या बाजू, हे एकदा डोळ्यांनी पाहिले की ‘बेरीज ७, गुणाकार १२’ हा मंत्र राहत नाही: सात रांगा दोन बाजूंना वाटून लावायच्या आहेत, म्हणून बेरीज; कोपरा भरायचा आहे, म्हणून गुणाकार.

याच चित्राने आणखी एक गोष्ट कळते, जी सहसा सांगितलीच जात नाही. त्याच सात रांगा १ आणि ६ अशा वाटल्या तर कोपऱ्यात ६ कलमे बसतात, २ आणि ५ अशा वाटल्या तर १०, आणि ३ आणि ४ अशा वाटल्या तर १२. वडिलांनी कोपऱ्यासाठी ११ कलमे आणली, तर रांगा कशाही वाटा, कोपरा नेमका भरत नाही. म्हणजे क्ष² + ७क्ष + ११ या राशीचे पूर्णांक सहगुणक असलेले अवयव पडतच नाहीत. शेवटच्या पदात १ पासून १२ पर्यंतच्या बारा संख्या एकेक करून घालून पाहिल्या, तर ६, १० आणि १२ या तीनच ठिकाणी अवयव पडतात, उरलेल्या नऊ ठिकाणी नाही. पुस्तकातली बहुतेक उदाहरणे मुद्दाम जुळवून दिलेली असतात, म्हणून मुलांची समजूत होते की प्रत्येक राशीचे अवयव पडलेच पाहिजेत आणि पडत नसतील तर आपणच मठ्ठ आहोत. निदान हा न्यूनगंड तरी आपण त्यांना देऊ नये.

ऋण चिन्हे आली की बागेचे चित्र ताणावे लागते, हे मला मान्य आहे. तेथे चित्राचा हट्ट धरू नये. गुणाकार उलटा वाचावा. (२क्ष + ७)(३क्ष − ५) हा गुणाकार मुलाने स्वतः करावा: ६क्ष² − १०क्ष + २१क्ष − ३५. आता त्याला विचारावे की −१० कोठून आले? २ आणि −५ यांच्या गुणाकारातून. २१ कोठून आले? ७ आणि ३ यांच्या गुणाकारातून. मग −१० आणि २१ यांचा गुणाकार म्हणजे २, −५, ७ आणि ३ या चारही संख्यांचा गुणाकार. पहिला सहगुणक ६ हा २ आणि ३ यांचा गुणाकार, शेवटचे −३५ हा ७ आणि −५ यांचा. या दोहोंचा गुणाकार केला तरी त्याच चार संख्या एकत्र येतात. त्याच चार संख्यांच्या जोड्या निराळ्या लावल्या, एवढाच फरक. म्हणून मधल्या पदाचे दोन तुकडे असे निवडायचे की त्यांचा गुणाकार पहिल्या व शेवटच्या सहगुणकांच्या गुणाकाराएवढा, म्हणजे −२१० भरेल. सांगायला पाच मिनिटे पुरतात. इतक्या वर्षांत हे कारण ऐकून ‘हे आधी का नाही सांगितले’ असे न म्हणणारे मूल मला क्वचितच भेटले.

आता त्या मुलीच्या उत्तराकडे पुन्हा पाहू. मूळ समीकरणाच्या दोन्ही बाजूंना ६ ने गुणले, तर डावी बाजू ३६क्ष² + ६६क्ष − २१० होते. ६क्ष ला य म्हटले की हेच य² + ११य − २१० असे दिसते, आणि त्याचे अवयव (य + २१)(य − १०) हेच आहेत. मुलीने लिहिले होते ते हेच. तिने फक्त य च्या जागी क्ष लिहिले. तिच्या −२१ आणि १० या उत्तरांना ६ ने भागले की −७/२ आणि ५/३ ही बरोबर उत्तरे येतात. तिची चूक एका भागाकाराएवढी होती, आणि त्या भागाकाराच्या अलीकडचे सगळे, म्हणजे कृतीतला अवघड भाग, तिने बिनचूक केले होते. शून्य गुण देणाऱ्या शिक्षकांना मी दोष देत नाही. साठ-साठ उत्तरपत्रिका एका रात्रीत तपासल्या की काय होते ते मीही भोगले आहे. पण त्या तिरक्या रेघेशेजारी ‘६ ने गुणले होतेस, भागायचे राहिले’ एवढे शब्द असते तर ती मुलगी त्या दिवशी पावसातून माझ्याकडे आली नसती.

आणि पडताळा घ्यायची सवय असती, तर तिला माझीही गरज पडली नसती. मी मुलांना क्ष च्या जागी १० घालून पाहायला सांगते, कारण दहाने गुणणे सगळ्यांना तोंडी येते. मूळ राशीत १० घातले की ६०० + ११० − ३५ म्हणजे ६७५ येतात. (२क्ष + ७)(३क्ष − ५) मध्ये १० घातले की २७ गुणिले २५, म्हणजे पुन्हा ६७५. मुलीच्या (क्ष + २१)(क्ष − १०) मध्ये १० घातले की शून्य! अर्ध्या मिनिटाचे काम आहे. एका किमतीला जुळले म्हणजे उत्तर बरोबरच असे ठामपणे म्हणता येत नाही. पण जुळले नाही तर ते नक्की चुकले आहे, आणि परीक्षेत मुलाला एवढे कळले तरी फार झाले.

संख्या मोठ्या झाल्या की मुले आणखी एका ठिकाणी अडतात. दोन संख्या शोधायच्या त्या अंदाजाने, विभाजक एकेक करून तपासत, असेच त्यांना वाटते. वास्तविक अंदाजाची गरज नाही, आणि हे आपल्याकडे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. १११४ साली जन्मलेल्या भास्कराचार्यांनी ११५० मध्ये पूर्ण केलेल्या सिद्धान्तशिरोमणीतील बीजगणितात माकडांच्या कळपाचे एक उदाहरण दिले आहे: कळपाच्या आठव्या भागाच्या वर्गाइतकी माकडे वनात खेळत आहेत आणि उरलेली १२ टेकडीच्या माथ्यावर आहेत, तर कळप केवढा? हे उदाहरण मी वर्गात घातले की मुले खुशीत येत, कारण माकडांचा कळप बागेत शिरला की हंगामाची काय गत होते, हे देवगडच्या पोराला कोणी शिकवावे लागत नाही. समीकरण मांडले की ते क्ष² − ६४क्ष + ७६८ = ० असे होते. बेरीज ६४ आणि गुणाकार ७६८ असलेल्या दोन संख्या हव्यात. ७६८ चे विभाजक शोधत बसण्याऐवजी बेरजेची निम्मी घ्या, ३२. दोन्ही संख्या ३२ पासून सारख्याच अंतरावर, एक वर आणि एक खाली, असणार. ३२ चा वर्ग १०२४. त्यातून ७६८ वजा केले की २५६ उरतात. त्याचे वर्गमूळ १६. तेव्हा संख्या ३२ + १६ आणि ३२ − १६, म्हणजे ४८ आणि १६. दोन्ही उत्तरे चालतात: ४८ चा आठवा भाग ६, त्याचा वर्ग ३६, अधिक १२ म्हणजे ४८, आणि १६ चा आठवा भाग २, त्याचा वर्ग ४, अधिक १२ म्हणजे १६.

त्याच ग्रंथातील दुसऱ्या उदाहरणात कळपाच्या पाचव्या भागातून ३ वजा करून त्याचा वर्ग केला तितकी माकडे गुहेत गेली आणि एक फांदीवर दिसते. येथे समीकरण क्ष² − ५५क्ष + २५० = ० असे होऊन ५० आणि ५ ही उत्तरे मिळतात; परंतु ५ चा पाचवा भाग १, आणि त्यातून ३ कमी केले की ऋण संख्या येते, म्हणून भास्कराचार्यांनी ५ हे उत्तर ग्राह्य धरले नाही. ‘उत्तर व्यवहाराशी पडताळून नको ते सोडून द्या’ हे आज दहावीच्या शाब्दिक उदाहरणात आपण सांगतो ते हेच.

या रीतीला भास्कराचार्य मध्यमाहरण म्हणतात, म्हणजे मधले पद नाहीसे करणे. त्यासाठी वापरायचा नियम त्यांच्या आधीचे गणिती श्रीधराचार्य यांचा आहे, असे त्यांनी स्वतः नोंदवले आहे. श्रीधराचार्यांचा बीजगणितावरील ग्रंथ आज उपलब्ध नाही, हा नियम भास्कराचार्यांनी उद्धृत केला म्हणून टिकला. अपूर्णांकांचा त्रास टाळण्यासाठी श्रीधराचार्य समीकरणाच्या दोन्ही बाजूंना क्ष² च्या सहगुणकाच्या चौपटीने गुणायला सांगतात. आमच्या मुलीने नकळत ६ ने गुणले होते, श्रीधराचार्यांनी तेथे २४ ने गुणले असते. युक्ती एकाच जातीची आहे. आणि दहावीच्या पुस्तकातला ‘विवेचक’ (मधल्या सहगुणकाच्या वर्गातून पहिल्या व शेवटच्या सहगुणकांच्या गुणाकाराची चौपट वजा केली की येणारी संख्या), जो मुले केवळ सूत्र म्हणून घोकतात, तो य च्या समीकरणाशी ताडून पाहिला तर शोधायच्या त्या दोन संख्यांच्या वजाबाकीचा वर्ग आहे. ६क्ष² + ११क्ष − ३५ साठी विवेचक १२१ + ८४० = ९६१, म्हणजे ३१ चा वर्ग; आणि २१ व −१० यांच्यातला फरक बरोबर ३१. बेरीज ११ आणि वजाबाकी ३१ एवढे कळल्यावर दोन संख्या काढणे प्राथमिक शाळेतल्या मुलालाही जमते. विवेचक पूर्ण वर्ग असला तरच पूर्णांक सहगुणकांचे अवयव का पडतात, हेही येथेच उलगडते. अवयव पद्धती, पूर्ण वर्ग पद्धती आणि सूत्र पद्धती ही पुस्तकात तीन वेगळ्या मथळ्यांखाली येतात, त्यामुळे मुलांना त्या तीन वेगळ्या वस्तू वाटतात. तसे नाही, हे सांगणे शिक्षकाचे काम आहे.

मुळात अवयव पाडायचेच कशाला, हा प्रश्नही मुलांनी विचारला पाहिजे. दोन संख्यांचा गुणाकार शून्य असेल तर त्यांतली एक तरी शून्य असलीच पाहिजे, हा गुण फक्त शून्याचा आहे, आणि सगळी अवयव पद्धती त्यावर उभी आहे. हे न सांगितल्यामुळे (क्ष − ३)(क्ष − ५) = ८ असे दिसले की हुशार मुलेही क्ष − ३ = ८ असे लिहून मोकळी होतात. खरे तर आधी ८ डावीकडे आणून क्ष² − ८क्ष + ७ = ० करावे लागते, मग (क्ष − १)(क्ष − ७) = ०, आणि उत्तरे १ व ७.

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांचे आपले कोकण विभागीय मंडळ दहावीच्या निकालात वर्षानुवर्षे राज्यात पहिले येते, याचा मला मनापासून अभिमान आहे. त्या निकालात माझ्याही विद्यार्थ्यांचा वाटा आहे. पण बीजगणिताच्या ४० गुणांच्या उत्तरपत्रिकेत जे गुण मिळतात, त्यांतले समजून किती आणि सवयीने किती, हे अकरावीला विज्ञान शाखेत गेलेल्या मुलांना पहिल्या महिन्यातच कळून चुकते. तेथे पाठ केलेले फाटे उपयोगी पडत नाहीत, आणि कालपर्यंत गणितात चांगली असलेली मुलगी ‘मला गणित जमत नाही’ असे म्हणू लागते. अभ्यासक्रम पुरा करण्याच्या घाईत कारणे सांगायला वेळ नसतो, असे शिक्षकमित्र म्हणतील. त्यांना माझे नम्रपणे सांगणे आहे की कारण सांगितल्यावर सरावाची निम्मी उदाहरणे कमी केली तरी चालतात; मी स्वतः तसे करून पाहिले आहे.

आपल्याकडे माझी एक विनंती आहे. मराठी वृत्तपत्राचा पाया घालणारे बाळशास्त्री जांभेकर आमच्याच तालुक्यातील पोंभुर्ल्याचे. १८३२ साली ‘दर्पण’ काढणारे बाळशास्त्री मुंबईत एल्फिन्स्टन येथे गणितही शिकवीत असत. तेव्हा वृत्तपत्रात गणिताला जागा मागणे हे काही वावगे ठरू नये. आपल्या पुरवणीत आठवड्यातून एकदा, दोन बोटे रुंदीच्या जागेत, एक आकृती आणि तिच्याखाली तीन-चार ओळींचे कारण छापता आले, तर ज्या वाडीत शिकवणी नाही आणि ज्या घरात गणित सांगणारे कोणी नाही, तेथेही ते पोहोचेल. मानधनाची अपेक्षा नाही. कलमांच्या बागेपासून माकडांच्या कळपापर्यंतच्या पहिल्या सहा आकृत्या मी साध्या कागदावर पेन्सिलीने काढून या पत्रासोबत पाठवीत आहे. तिसऱ्या आकृतीतील कोपऱ्याचे खड्डे त्या मुलीने स्वतः मोजून काढले आहेत, तेवढी ती जशीच्या तशी छापावी.

आपली विश्वासू,
एक निवृत्त गणितशिक्षिका,
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग